पुन्हा विकत घेतलेला डाव

१

गेल्या मे महिन्यात माझा भाचा गोव्याहून परतला, तेव्हा त्याच्या पाकिटात तीन पावत्या होत्या. तिन्ही एकाच रात्रीच्या, एकाच पोकर स्पर्धेच्या. प्रत्येकीवर मजकूर तोच : प्रवेश १०,००० रुपये, आयोजकांचे शुल्क १,००० रुपये. पहिल्यांदा हरल्यावर त्याने पुन्हा पैसे भरले, दुसऱ्यांदा हरल्यावर पुन्हा. तिसऱ्यांदा हरल्यावर मात्र तो उठला. जेवताना त्याने मला विचारले, "मामा, चौथ्यांदा बसायला हवं होतं का? अजून मुदत होती."

मी पोकर खेळत नाही. माझे औपचारिक शिक्षण वाणिज्य शाखेच्या पदवीपाशी संपले. कचेरीतली नोकरी सांभाळून गेली वीसेक वर्षे संभाव्यतेच्या गणिताचा इतिहास वाचतो आहे, तो स्वतःच्या हौसेने आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांच्या कृपेने. त्यामुळे भाच्याचा प्रश्न मला आधी गणिताचा वाटला. शोधायला बसलो तेव्हा दोन गोष्टी ध्यानात आल्या. एक, या प्रश्नावर अमेरिकेतल्या जाणत्या मंडळींनी पुस्तकेच्या पुस्तके लिहून वाद घातला आहे. आणि दुसरी, हाच प्रश्न आमच्या घरात १९८१ सालच्या दिवाळीत पडला होता. फक्त तो कोणी विचारला नव्हता. पहिली गोष्ट आधी सांगतो, दुसरी शेवटी.

२

पोकर खेळण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांतला फरक कळल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. पहिली रीत रोखीची. टेबलावरच्या चिप्स म्हणजे पैसेच. हरलात, खिशात हात घातलात, नव्या चिप्स घेतल्यात. कंटाळलात की उरलेल्या चिप्स खिडकीवर देऊन पैसे घेतलेत आणि घरी गेलात. आपली तीनपत्ती याच जातीची. दुसरी रीत स्पर्धेची. इथे सगळे सारखे प्रवेशशुल्क भरतात, सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, पण त्या खिडकीवर मोडून मिळत नाहीत. त्या फक्त टिकून राहण्यासाठी. शेवटी जो जितका वेळ टिकला, त्या क्रमाने बक्षिसे.

या दुसऱ्या रीतीला प्रतिष्ठा मिळाली ती लास व्हेगासमध्ये. बेनी बिनियन याने आपल्या हॉर्सशू कॅसिनोत १९७० साली ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ भरवली, तेव्हा ती स्पर्धाच नव्हती. नामांकित खेळाडू रोखीने खेळले आणि शेवटी मतदान करून जॉनी मॉस याला विजेता ठरवले गेले. १९७१ साली मात्र ५,००० डॉलर प्रवेशशुल्क ठेवून ‘फ्रीझआउट’ खेळवला गेला. चिप्स संपल्या की माणूस बाद, दुसरी संधी नाही. मॉस पुन्हा जिंकला, या वेळी मतांनी नव्हे. पुढच्या वर्षी शुल्क १०,००० डॉलर झाले. या स्पर्धेची सगळी आख्यायिका एकाच संधीच्या कठोर नियमातून जन्मली आहे. १९८२चा विजेता जॅक स्ट्रॉस याच्याकडे त्या स्पर्धेत एका वेळी एकच चिप उरली होती आणि तिथून तो उठला, असे सांगतात. एक चिप आणि बसायला एक खुर्ची असेपर्यंत माणूस संपत नाही, ही पोकरमधली म्हण या कथेला चिकटलेली आहे. नवी चिप विकत मिळत असती तर तिला काही अर्थ उरला नसता.

पण कॅसिनोंच्या रोजच्या, लहान स्पर्धांना हा कठोरपणा परवडणारा नव्हता. वीस-पंचवीस डॉलर भरून आलेला माणूस दहाव्या मिनिटाला बाद झाला, तर तो नाराज होऊन निघून जातो आणि बक्षिसाची रक्कमही लहानच राहते. त्यावरचा तोडगा म्हणजे ‘रीबाय’. पहिला तासभर, किंवा ठरलेल्या काही फेऱ्यांपर्यंत, चिप्स संपल्या किंवा सुरुवातीपेक्षा कमी झाल्या, तर तेवढेच पैसे भरून पुन्हा तेवढ्याच चिप्स घ्यायच्या. मुदत संपताना सर्वांना एकदा जादा चिप्स घ्यायची मुभा, तिचे नाव ‘ॲड-ऑन’. त्यानंतर फ्रीझआउट सुरू. बहुतेक ठिकाणी कॅसिनो आपला वाटा फक्त पहिल्या शुल्कावर घेई. रीबायचे पैसे बक्षिसात जात. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

आता प्रश्न उभा राहिला : हरलेल्याने पुन्हा पैसे भरावेत का?

३

या प्रश्नाचा खरा जन्म, माझ्या मते, १९७८ सालचा. त्या वर्षापर्यंत हॉर्सशूच्या मुख्य स्पर्धेत सगळी रक्कम एकट्या विजेत्याला मिळे. १९७८ मध्ये प्रथमच ती पहिल्या पाच जणांत वाटली गेली. वरवर पाहता ही व्यवस्थेतली किरकोळ सुधारणा. पण आज सर्वत्र रूढ असलेल्या या पद्धतीने चिपेची किंमत मुळातून बदलली. कशी, ते एका छोट्या उदाहरणाने पाहू.

अनंता, बाळू आणि चंदू अशी तीन माणसे घेऊ. तिघे सारख्याच कुवतीचे. प्रत्येकाने १,००० रुपये भरले आणि प्रत्येकाला एक चिप मिळाली. पहिल्याच डावात चंदू आपली चिप अनंताला हरला. आता अनंताकडे दोन, बाळूकडे एक, चंदूकडे शून्य. सारख्या कुवतीच्या खेळाडूंत जिंकण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात असते, हे जुने तत्त्व. जुगाऱ्याच्या दिवाळखोरीचा प्रश्न पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहाराच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यापासून चर्चेत आहे, आणि हे तत्त्व त्याच विचारातून आले.

आधी जुनी पद्धत : सगळे पैसे विजेत्याला. चंदू गेला तर ३,००० रुपयांसाठी दोघे खेळतील. अनंताचा अपेक्षित हिस्सा दोन तृतीयांश, म्हणजे २,०००, बाळूचा १,०००. चंदूने पुन्हा १,००० भरले तर रक्कम ४,००० आणि चिप्स दोन, एक, एक. अनंताचा हिस्सा २,०००, बाळूचा १,०००, चंदूचा १,०००. म्हणजे चंदूने हजार देऊन हजाराची वस्तू घेतली. कोणाचेही काही बदलले नाही. त्याने बसावे की उठावे, गणिताला सोयरसुतक नाही.

आता नवी पद्धत : पहिल्याला ७० टक्के, दुसऱ्याला ३० टक्के. चंदू गेला तर अनंताचा हिस्सा १,७०० आणि बाळूचा १,३००. चंदूने पुन्हा पैसे भरले, तर ४,००० पैकी अनंताचा १,८००, बाळूचा १,१०० आणि चंदूचा १,१००. दुसऱ्या क्रमांकाची शक्यता काढायची रीत डेव्हिड हार्व्हिल या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलेल्या सूत्राची आहे. त्याने ती घोड्यांच्या शर्यतींसाठी मांडली होती. पोकरवाल्यांनी नंतर ती उचलली.

आकडे पुन्हा पाहा. चंदूने १,००० दिले आणि १,१०० ची वस्तू घेतली. अनंताचेही शंभर वाढले. ते दोनशे आले कुठून? बाळूच्या खिशातून. जो हरला नाही, ज्याने पुन्हा पैसे भरले नाहीत, जो आपली एक चिप सांभाळून गप्प बसला, त्याचे १,३०० चे १,१०० झाले. रीबायची किंमत बघ्याने मोजली. हे गणित मी पहिल्यांदा मांडले तेव्हा चुकले असेल म्हणून तीनदा पडताळून पाहिले.

उलट बाजूही पाहू. समजा अनंताने, दोन चिप्स हाताशी असताना, आणखी १,००० भरून तिसरी घेतली. एकूण रक्कम ५,००० झाली. त्याचा हिस्सा १,८०० वरून २,५५० होतो. म्हणजे हजार देऊन त्याने ७५० ची वस्तू घेतली. ज्याच्याकडे चिप्स थोड्या, त्याला प्रत्येक चिप महाग. ज्याच्याकडे मुबलक, त्याला स्वस्त.

मेसन मालमथ या लेखकाने १९८७ च्या ‘गॅम्बलिंग थिअरी अँड अदर टॉपिक्स’ या पुस्तकात याच अंगाने विचार मांडला. बक्षिसे वाटली जातात त्या स्पर्धेत विजेत्याकडे शेवटी सगळ्या चिप्स असतात, पण पैसे सगळे मिळत नाहीत. तेव्हा ढीग वाढतो तशी एका चिपेची किंमत उतरत गेली पाहिजे. म्हणून चिप्स संपलेल्याने रीबाय घ्यावा, भरपूर असलेल्याने जादा चिप्सच्या मोहात पडू नये. डेव्हिड स्क्लान्स्की याने २००२ च्या ‘टूर्नामेंट पोकर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड प्लेयर्स’ मध्ये चिपेच्या या उतरत्या किमतीवर स्पर्धेतल्या खेळाची मांडणी केली. पुढे हा विचार जाणत्यांत जवळजवळ पाठ्यपुस्तकी ठरला.

४

त्याला आव्हान दिले ते पोकरच्या बाहेरून आलेल्या माणसाने. अर्नोल्ड स्नायडर हा ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाचा अभ्यासक. २००६ साली त्याचे ‘द पोकर टूर्नामेंट फॉर्म्युला’ हे पुस्तक आले. त्याचा आक्षेप मुळावरच होता. मालमथ-स्क्लान्स्की चिपेकडे सोडतीच्या तिकिटासारखे पाहतात, असा त्याचा रोख. तिकीट हातात धरून बसायचे असते. चिप वापरायची असते.

हा मुद्दा समजण्यासाठी ‘ब्लाइंड’ म्हणजे काय ते सांगायला हवे. पोकरमध्ये पत्ते पाहण्याआधीच दोन खेळाडूंना आळीपाळीने सक्तीची रक्कम टाकावी लागते. आपल्या तीनपत्तीतल्या बूटाची चुलत बहीण. फरक असा की स्पर्धेत ही रक्कम ठरावीक वेळाने वाढत जाते. आज तुमच्याकडे शंभर ब्लाइंड पुरतील इतक्या चिप्स आहेत. तासाभराने त्याच चिप्स वीस ब्लाइंडांच्या उरतात. शंभर असताना समोरच्याला हूल देता येते, थांबता येते, चूक पचवता येते. दहा उरल्यावर एकच गोष्ट करता येते : बरे पत्ते आले की सगळे पुढे सरकवायचे आणि देवाचे नाव घ्यायचे. तेव्हा कुशल खेळाडूच्या हातात मोठा ढीग हा केवळ मोठा नसतो, तो वेगळ्या जातीचा असतो. म्हणून, स्नायडरच्या मते, ज्याला खेळता येते त्याने मिळेल तेव्हा, अगदी सुरुवातीलाही, जादा चिप्स घ्याव्यात. आणि तेवढे पैसे सोबत नसतील तर त्या स्पर्धेत बसूच नये.

दोन्ही पक्षांत कडाक्याचा वाद झाला. मला विचाराल तर दोघेही आपापल्या गृहीतकापुरते बरोबर आहेत. मालमथचे गणित सगळे सारख्या कुवतीचे धरते. स्नायडरचे तुम्ही इतरांहून सरस आहात असे धरते. टेबलावर बसलेल्या दहा जणांपैकी आठ-नऊ जण स्वतःला सरस समजत असतात, ही अडचण मात्र दुसऱ्या गृहीतकाची आहे, पहिल्याची नाही.

५

वाद पुस्तकांत चालू असताना टेबलावर वेगळेच घडत होते. वर्ल्ड सिरीजमध्ये हजार डॉलरच्या रीबाय स्पर्धा होत. २००६ मध्ये डॅनियल नेग्रानू या प्रसिद्ध खेळाडूने अशा एका स्पर्धेत चाळीसहून अधिक वेळा पैसे भरले. तरीही ती त्याला जिंकता आली नाही. त्याच वर्षी फिल हेलम्यूथने आपले दहावे विजेतेपद हजार डॉलरच्या रीबाय स्पर्धेतच मिळवले. ज्यांचे खिसे खोल होते ते पहिल्या तासात बेफाम खेळत; हरण्याची किंमत त्यांच्या लेखी किरकोळ होती. मोजके पैसे घेऊन आलेला माणूस त्यांच्या शेजारी आपली एक चिप सांभाळत बसे. आपल्या उदाहरणातला बाळू तो हाच.

ही विजेतेपदे पैशाने विकत घेता येतात, अशी तक्रार वाढत गेली आणि २००९ च्या वेळापत्रकातून रीबाय स्पर्धा वगळण्यात आल्या. पण दुसऱ्या संधीची मागणी अशी संपत नसते. काही वर्षांतच ती नव्या नावाने परतली : ‘री-एन्ट्री’. इथे हरलेला माणूस खुर्ची सोडतो, खिडकीवर जातो, पुन्हा नाव नोंदवतो, नव्या जागी बसतो. हा नवा प्रवेश, म्हणून शुल्कही नवे, आणि त्यात आयोजकांचा वाटाही नवा.

वर लक्षात ठेवायला सांगितलेला तपशील तो हाच. आपल्या तिघांच्या खेळात चंदूला रीबायवर शंभर रुपयांचा फायदा होता, म्हणजे दहा टक्के. री-एन्ट्रीत आयोजकांनी हजारावर शंभर रुपये घेतले की तो फायदा बरोबर शून्य होतो. खेळाडू शेकड्यांनी असतात तेव्हा एकाच्या परतण्याने मिळणारा हा फायदा आणखी बारीक असतो. वाटा मात्र तेवढाच राहतो. मालमथचा सल्ला रीबायसाठी होता. नाव बदलले, पावती बदलली, त्याबरोबर उत्तरही बदलले. ‘चिप्स संपल्या की पुन्हा घ्याव्यात, पुस्तकात तसे म्हटले आहे’ असे सांगणारे खेळाडू बहुधा जुन्या पावतीचे गणित नव्या पावतीला लावत असतात.

६

गोव्यात हा खेळ आला तो कायद्याच्या वाटेने. तिथल्या १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना वाट मिळाली, १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांना, आणि मांडवीत कॅसिनोंचे दिवे लागले. योगायोग असा की त्याच १९७६ साली महाराष्ट्रानेही कॅसिनोंविषयी कायदा केला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. इकडे १८८७ चा जुगारबंदी कायदाच चालत राहिला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, तेव्हा हौशी खेळाडूंची पावले पुन्हा मांडवीकडे वळणार हे उघड होते. माझा भाचा त्यांतलाच.

पण दिवाळीत पत्ते काढायला मराठी घराला गोवा लागत नाही. बलिप्रतिपदेचे एक नाव द्यूतप्रतिपदा आहे. आमच्याकडे पाडव्याच्या रात्री तीनपत्ती होई. माझे थोरले काका, त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, एका सूतगिरणीत हिशेबनीस होते. अक्षर मोत्यासारखे, हिशेब पैशाचा. ते वारल्यावर त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. १९८१ च्या पाडव्याचे पान त्यांत आहे. ‘खेळास : ५०.’ खाली, वेगळ्या सदरात, ‘उसनवार : ५०. ५०. १००. १००. २००.’ आणि पानाच्या तळाशी, रेघ मारून : ‘खेळात तोटा : ५०.’

आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब बिनचूक ठेवणाऱ्या माणसाने हे लिहिले आहे. पहिले पन्नास खेळाचे. पुढचे पाचशे खेळाचे नाहीतच. ते कोणाकडून तरी घेतलेले, कधी तरी द्यायचे. त्या दिवाळीनंतर काकूच्या हातातल्या पाटल्या मला पुन्हा दिसल्या नाहीत. मी अकरा वर्षांचा होतो. विचारायचे नसते एवढे तेव्हाही कळत होते.

पोकरच्या इतक्या पुस्तकांत चिपेच्या उतरत्या किमतीची चर्चा आहे. चिप सर्वांत महाग कोणाला? ज्याच्याकडे सर्वांत थोड्या आहेत त्याला. पण डॅनियल बर्नुली याने १७३८ मध्ये हेच पैशाबद्दल सांगून ठेवले आहे : तीच रक्कम श्रीमंताला हलकी, गरिबाला जड. रीबाय म्हणजे या दोन उतरत्या किमतींचा सौदा. एका हाताने आपण चिप घेतो, ती आपल्याला सर्वांत महाग असताना. दुसऱ्या हाताने रुपया देतो, आणि प्रत्येक खेपेला तो आधीच्या रुपयापेक्षा जड असतो. मालमथ पहिला हात मोजतो. दुसरा हात ज्याचा त्याने मोजायचा असतो. नेग्रानूचा चाळिसावा हजार आणि आप्पांचे शेवटचे दोनशे यांची तुलना डॉलर-रुपयांत होत नाही.

म्हणून भाच्याला मी उत्तर दिले ते असे. बक्षिसे कशी वाटतात ते पाहा. आयोजक दर वेळी वाटा घेतात का ते पाहा. परत बसशील तेव्हा हातातल्या चिप्स किती ब्लाइंडांच्या उरतील ते पाहा. मुदत संपायच्या बेताला बसलास तर बहुधा थोड्याच. एवढे पाहिल्यावर चौथी पावती फायद्याची नव्हती, तू उठलास ते बरे केलेस. पण मुख्य गोष्ट, किती वेळा बसायचे हे पहिल्यांदा बसण्याआधी ठरव आणि त्या सगळ्यांची बेरीज हेच तुझे प्रवेशशुल्क समज. ती बेरीज देणे जमत नसेल तर ती स्पर्धा तुझी नव्हे.

तो म्हणाला, "पण मामा, मी तर अकराच हजार हरलो."

मी तिन्ही पावत्या त्याच्यासमोर ठेवल्या. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. मग मी आतून आप्पांची वही आणली आणि ते पान उघडून त्याच्या पुढ्यात ठेवले.

यंदा पाडव्याला आमच्याकडे नेहमीप्रमाणे पत्ते निघतील. बूट एक रुपयाचाच राहील. हिशेबाला वही असेल आणि तिच्यात सदर एकच असेल, असे भाच्याने आताच सांगून ठेवले आहे.